शिडाखालचा संसार

संसार आणि सागर ही जोडी मराठी वाचकाला नवी नाही. भवसागर, संसाराचे तारू, पैलतीर या प्रतिमा संतवाङ्मयातून आपल्या रोजच्या बोलण्यात इतक्या मुरल्या आहेत, की त्यांतला खारा वारा कधीच उडून गेला आहे. या प्रतिमांत संसार हाच समुद्र असतो आणि माणसाला तो तरून जायचे असते. प्रस्तुत लेखात ज्या कुटुंबांविषयी लिहायचे आहे, त्यांच्याबाबत ही मांडणी उलटी होती. त्यांचा संसार नावेतच होता. चूल, पाळणा, मुलांचे धडे, आजारपण, बाळंतपण आणि मृत्यू हे सारे शिडाखाली घडत होते, आणि किनाऱ्यावर परतून जावे असे घर त्यांतल्या काहींना नव्हतेच. अशा संसाराचा इतिहास लिहायला घेतला की पहिली अडचण येते ती साधनांची. हा संसार केला अनेकांनी, पण लिहिला कोणी? आणि लिहिणाऱ्याने त्यातले काय गाळले?

शिडाच्या होडीतून केलेल्या प्रवासाचे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे जोशुआ स्लोकम या कप्तानाचे 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड'. ते १९०० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. २४ एप्रिल १८९५ रोजी स्लोकम बॉस्टनहून 'स्प्रे' नावाच्या सुमारे ३७ फुटी होडीतून एकटा निघाला आणि २७ जून १८९८ रोजी सुमारे ४६,००० मैलांची पृथ्वीप्रदक्षिणा करून न्यूपोर्टला परतला. त्याआधी एकट्या माणसाने असे केल्याची नोंद नाही. पुस्तकाची भाषा मिस्कील, संयत आणि अत्यंत प्रसन्न आहे. पुढच्या शतकात होड्या घेऊन निघालेल्या असंख्यांनी ते पोथीसारखे जपले. 'समुद्र आणि एकटा माणूस' हा साहित्यप्रकारच जणू त्यातून रूढ झाला.

परंतु शीर्षकातला 'अलोन' हा शब्द जरा थांबून वाचला पाहिजे. हा माणूस स्प्रेवर चढण्यापूर्वी जवळजवळ अठरा वर्षे समुद्रावर एकटा नव्हता. त्याचे बिऱ्हाड त्याच्याबरोबर फिरत होते. त्याचे एकटेपण हा प्रवासाचा आरंभ नव्हे, तो एका दीर्घ आणि बऱ्याच अंशी अलिखित कौटुंबिक कहाणीचा शेवट आहे.

स्लोकमचा जन्म १८४४ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात झाला. पोरवयातच तो घर सोडून समुद्रावर गेला, पुढे अमेरिकेचा नागरिक झाला आणि तिशीच्या आत कप्तान झाला. १८७१ च्या जानेवारीत सिडनी बंदरात त्याने व्हर्जिनिया वॉकर या तरुणीशी लग्न केले. ती जन्माने अमेरिकन होती आणि ऑस्ट्रेलियात वाढली होती. लग्नानंतर ती सासरी गेली ती थेट जहाजावर. नवऱ्याच्या हाती असलेले 'वॉशिंग्टन' हे जहाज सामन माशांच्या हंगामासाठी अलास्काकडे निघाले होते. तिथे ते वादळात किनाऱ्याला लागून फुटले. नव्या संसाराचे पहिलेच घर असे बुडाले.

त्यानंतरची तेरा वर्षे जहाजे बदलत गेली, संसार मात्र चालू राहिला. थोरला व्हिक्टर १८७२ मध्ये 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजावर जन्मला. दुसऱ्या मुलाचे नाव बेंजामिन आयमार, आणि तेच त्या वेळच्या जहाजाचेही नाव होते. जेसी १८७५ साली फिलिपीन्समध्ये जन्मली. धाकट्या गारफील्डचा जन्म १८८१ च्या मार्चमध्ये हाँगकाँग बंदरात, 'ॲमेथिस्ट' जहाजावर झाला. त्याच महिन्यात अधिकारावर आलेल्या अमेरिकन अध्यक्षांचे नाव त्याला मिळाले. व्हर्जिनियाला एकूण सात मुले झाली. त्यांतली चार जगली. उत्तर पॅसिफिकमधल्या कॉड मासेमारीच्या काळात जन्मलेली जुळी मुले आणि १८७९ साली फिलिपीन्समध्ये दगावलेली एक तान्ही मुलगी यांचे आयुष्य फार अल्प ठरले. या मुलीच्या मृत्यूविषयी व्हर्जिनियाने आपल्या आईला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. तिच्या हातची जी थोडी पत्रे उरली, त्यांतले हे एक.

ही भटकंती हौसेची नव्हती, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. एकोणिसाव्या शतकात मालवाहू जहाजांच्या कप्तानांनी बायकामुलांना बरोबर नेणे ही बरीच रूढ चाल होती. सफर वर्षभर वा त्याहून अधिक लांबे. ज्याला कुटुंबाचे तोंड पाहायचे असेल, त्याने कुटुंब जहाजावर आणावे हाच मार्ग होता. कप्तानाचा जहाजात हिस्सा असला तर किनाऱ्यावर वेगळे घर करण्यात पैसा अडकवण्यापेक्षा जहाजाच्या मागच्या बाजूच्या दालनात राहणे परवडे. हेच घर आणि हीच पेढी. स्लोकमच्या मुलांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत या घराचे चित्र मिळते. सकाळी आई धडे घेत असे. पुस्तकांनी भरलेली कपाटे होती. जमिनीला पक्का बसवलेला पियानो होता. हीच आई पिस्तुलाने शार्क अचूक टिपत असे. १८८२ मध्ये 'नॉर्दर्न लाइट' या २३३ फुटी जहाजावर खलाशांनी बंड केले, त्यात जहाजाचा मेट, म्हणजे कप्तानाखालचा अधिकारी, मारला गेला. त्या वेळी ती पिस्तूल रोखून नवऱ्याच्या पाठीशी उभी राहिली, असे वृत्तान्त आहेत. चूल आणि पिस्तूल यांच्यामधले अंतर या संसारात फार नव्हते.

आणि मग २५ जुलै १८८४ रोजी, ब्यूनस आयर्स बंदरात 'ॲक्विडनेक' जहाजावर व्हर्जिनिया वारली. तिचे वय ३४ होते. तिला तिथल्याच इंग्रजी दफनभूमीत पुरण्यात आले.

या सुमारास कुटुंबासह समुद्रावर निघालेल्या आणखी दोन घरांचे वृत्तान्त इंग्रजी वाङ्मयात आहेत. स्लोकमच्या कहाणीचे वेगळेपण कळण्यासाठी ते शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे ठरेल.

पहिला ॲनी ब्रॅसी या इंग्रज बाईंचा. त्यांचे पती टॉमस ब्रॅसी ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य आणि गडगंज श्रीमंत. १८७६ च्या जुलैमध्ये हे दांपत्य चार मुले, मित्र, नोकरचाकर आणि खलाशी अशा चाळीसहून अधिक माणसांसह 'सनबीम' या स्वतःच्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि १८७७ च्या मेमध्ये परतले. सनबीमला शिडे होती आणि वाफेचे इंजिनही. त्या प्रवासाचा ॲनीबाईंनी लिहिलेला वृत्तान्त १८७८ साली आला आणि भरपूर खपला. मुले आजारी पडतात, लाटेत वाहून जाता जाता वाचतात, कुत्री-पक्षी जहाजावर येतात, बाई स्वतः समुद्र लागून निजून असतात, हे सारे त्यात आहे. आईने लिहिलेला समुद्र कसा दिसतो याचा हा उत्तम नमुना आहे. पुढे १८८७ साली भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या सफरीत त्या सनबीमवरच तापाने वारल्या आणि त्यांचा देह समुद्रालाच अर्पण करण्यात आला. त्या शेवटच्या प्रवासात मुंबईही होती. त्याचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८८९ साली प्रसिद्ध झाले.

दुसरे घर आपल्या परिचयाच्या लेखकाचे, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे. क्षयासारख्या दुखण्याने जर्जर झालेला स्टीव्हन्सन २८ जून १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून 'कास्को' ही होडी भाड्याने घेऊन निघाला. बरोबर पत्नी फॅनी, सावत्र मुलगा लॉइड आणि स्वतःची वृद्ध आई. फॅनीला समुद्र मुळीच सोसत नसे. तरीही कास्को, मग 'इक्वेटर', मग 'जॅनेट निकल' अशा एकामागून एक सफरी तिने केल्या; कारण समुद्रावर नवरा जगत होता. तिने ठेवलेली रोजनिशी १९१४ साली, तिच्या निधनाच्या वर्षी, पुस्तकरूपाने आली. नवऱ्याला पुढे लिहिताना आठवणीला मदत व्हावी म्हणून आपण ही टिपणे ठेवली, अशा आशयाचा खुलासा तिनेच केला आहे. म्हणजे घरातली बाई लिहीत होती, पण तिच्या लेखी ते लेखन कच्चा माल होते. ग्रंथ लिहिणार होता तो नवरा.

आता तारखांकडे पाहू. कास्को निघाली त्याच्या चारच दिवस आधी, २४ जून १८८८ रोजी, ब्राझीलच्या पारानाग्वा परिसरातून एक ३५ फुटी होडी समुद्रात शिरली होती. तिच्यात स्लोकमचे कुटुंब होते.

मधल्या काळात स्लोकमने १८८६ मध्ये हेटी या आपल्या नात्यातल्या २४ वर्षांच्या तरुणीशी लग्न केले होते आणि तिला, व्हिक्टरला व गारफील्डला घेऊन तो ॲक्विडनेकवर निघाला होता. ही सफर एकामागून एक संकटांची ठरली. पटकीच्या साथीमुळे बंदरे बंद झाली, खलाशांत देवीची साथ पसरली. १८८७ मध्ये जहाजावरच्या चकमकीत स्लोकमच्या गोळीने एक माणूस ठार झाला. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. वर्षाअखेरीस जहाज वाळूच्या दांड्यावर चढून मोडले. त्याच्याबरोबर घरही गेले आणि पेढीही. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाल्यापासून वाफेची जहाजे शिडांच्या जहाजांचा व्यापार ओढून घेत होती. चाळिशी ओलांडलेल्या कप्तानाला नवे जहाज कोण देणार?

तेव्हा या कुटुंबाने मोडलेल्या जहाजाचे सामान आणि रानातले लाकूड घेऊन स्वतःच होडी बांधली. तांब्याच्या नाण्यांना भोके पाडून ती खिळ्यांच्या चकत्या म्हणून वापरली. सोळा वर्षांचा व्हिक्टर सुतार, दोरखंड वळणारा आणि पडेल ते काम करणारा गडी झाला. शिडे शिवली हेटीने. १३ मे १८८८ रोजी होडी पाण्यात सोडली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली, म्हणून तिचे नाव पोर्तुगीजमध्ये 'लिबर्दादे', म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवले. पहिल्याच वादळात हेटीने शिवलेली शिडे फाटली. सांतोसहून रिओपर्यंत एका आगबोटीने होडी ओढत नेली, तेव्हा हेटी आणि सात वर्षांचा गारफील्ड आगबोटीवर होते, बाप सुकाणूवर, आणि थोरला मुलगा होडीच्या नाळेवर, वेळ पडल्यास दोर तोडण्यासाठी हाताशी कुऱ्हाड ठेवून. समुद्रावरचे एकूण ५५ दिवस आणि सुमारे ५,५०० मैलांचा प्रवास करून ऑक्टोबरअखेर ते अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले आणि डिसेंबरअखेर वॉशिंग्टनला पोहोचले.

स्टीव्हन्सन आणि स्लोकम या दोन्ही घरांची त्या वर्षीची गोष्ट 'कुटुंबाने होडीतून केलेला प्रवास' अशी एकाच वाक्यात सांगता येईल. पण एका घराने होडी भाड्याने घेतली होती आणि दुसऱ्याला घरी परतायला दुसरे साधन उरले नव्हते. ब्रॅसींसाठी जहाज हे आणखी एक घर होते. स्लोकमसाठी ते एकमेव घर होते. मुक्त, बंधनरहित, वाऱ्यावरचे आयुष्य असे जे आकर्षक चित्र पुढे अशा जगण्याभोवती उभे राहिले, त्याच्या मुळाशी एक बुडालेला धंदा आणि निराधार झालेले कुटुंब आहे, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात सहसा येत नाही.

स्लोकमने लिबर्दादेचा वृत्तान्त १८९० साली पदरमोड करून छापला. त्याचे हे पुस्तक कमी वाचले जाते, पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. कारण त्यात कुटुंब आहे. व्हिक्टर आणि गारफील्ड नावानिशी येतात. पत्नी मात्र बहुतेक ठिकाणी नावाने न येता नात्याने किंवा आदरार्थी संबोधनाने येते. तिने शिवलेल्या शिडांचे कौतुक आहे. ती फाटली तेव्हा तिला काय वाटले, हे नाही. हेटीने स्वतः काही लिहिले नाही. तिची एकच ठळक नोंद कृतीच्या रूपात आहे: त्या प्रवासानंतर ती नवऱ्याबरोबर लांबच्या सागरी सफरीला गेली नाही.

या पार्श्वभूमीवर पुन्हा 'सेलिंग अलोन'कडे वळू. १८९६ च्या सुरुवातीला स्प्रे ब्यूनस आयर्सला पोहोचली. तिथल्या मुक्कामाचे वर्णन पुस्तकात आहे. केप हॉर्नकडच्या वाऱ्यांच्या भीतीने डोलकाठी सात फूट कापून आखूड केली, तेही आहे. याच बंदरात बारा वर्षांपूर्वी व्हर्जिनिया वारली आणि याच शहराच्या मातीत ती आहे, याचा एक शब्दही नाही. त्याच वर्षीच्या जुलैत तो सामोआ बेटांवरच्या आपिया बंदरात पोहोचला. स्टीव्हन्सन १८९४ साली तिथेच वारला होता. विधवा फॅनीने स्लोकमला आपल्या पतीच्या संग्रहातले नौकानयनाचे मार्गदर्शक खंड भेट दिले. स्लोकम तो प्रसंग मोठ्या भक्तिभावाने लिहितो. १८८८ च्या जूनमध्ये चार दिवसांच्या अंतराने निघालेल्या दोन होड्यांवरची ही दोन माणसे आठ वर्षांनी समोरासमोर आली होती. दोघांनीही जोडीदार गमावला होता. पुस्तकात मात्र शोक आहे तो परक्या लेखकासाठी.

या मौनाला कोरडेपणा म्हणावे का? मला तसे वाटत नाही. उलट, ज्याने आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच एकटेपण कोरले, त्याला ते कुठे सुरू झाले हे सांगवत नसावे, असेही वाचता येते. अर्थात ही माझी अटकळ. पण इतके निश्चित म्हणता येते, की पुढच्या वाचकांनी या मौनाचा अर्थ 'समुद्र हा एकट्या पुरुषाचा' असा घेतला आणि अठरा वर्षांचा जहाजावरचा संसार चरित्रकारांच्या परिशिष्टात गेला. आपल्याकडे 'स्मृतिचित्रे' नसती तर ना. वा. टिळकांच्या घरातले आपल्याला किती कळले असते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने येथे स्वतःला विचारून पाहावा. व्हर्जिनियाचे 'स्मृतिचित्रे' नाही.

या घरातली दुसरी बाजू अखेर मुलांकडून आली, आणि तीही उशिरा. व्हिक्टरने लिहिलेले वडिलांचे चरित्र १९५० साली प्रसिद्ध झाले. आयमार आणि गारफील्ड यांनी चरित्रकारांना आठवणी पुरवल्या. आईचा चेहरा आपल्याला दिसतो तो त्यांच्यामुळे.

बापाचे पुस्तक आधी आणि मुलाचे कित्येक दशकांनी, हा क्रम विसाव्या शतकातही टिकलेला दिसतो. डुगल रॉबर्टसन या इंग्लंडमधल्या शेतकऱ्याने शेती विकून 'लुसेट' ही शिडाची होडी घेतली आणि बायकामुलांसह तो निघाला. १५ जून १९७२ रोजी गालापागोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेल माशांनी ती फोडली. आई, बाप, तीन मुले आणि एक तरुण सोबती असे सहा जण ३८ दिवस तराफ्यावर आणि नंतर एका चिमुकल्या होडीत तगले. बापाचे पुस्तक १९७३ साली आले; थोरल्या मुलाचे, डग्लसचे, २००५ साली. सुझॅन हेवूडच्या 'वेव्हवॉकर' या २०२३ सालच्या आत्मकथनात तर बापाचे पुस्तक मुळी नाहीच. मुलगीच पहिल्यांदा बोलते. १९७६ साली ती सात वर्षांची असताना आईवडील कॅप्टन कुकच्या मार्गाने तीन वर्षांच्या सफरीला म्हणून निघाले. ती सफर दशकभर लांबली. हिंदी महासागरातल्या वादळात तिची कवटी फुटली आणि एका दूरच्या बेटावर भूल न देता तिच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. शाळा नव्हती, टपालाने मिळणाऱ्या धड्यांवर तिने अभ्यास रेटला आणि पुढे ऑक्सफर्ड गाठले. बाहेरच्यांना जे स्वातंत्र्य दिसत होते, ते होडीतल्या मुलाला दार नसलेल्या घरासारखे वाटू शकते, हे त्या पुस्तकाचे सांगणे आहे.

व्हिक्टरची साक्ष याहून वेगळी आहे हेही नोंदवले पाहिजे. त्याच्या लेखी ते बालपण समृद्ध होते आणि तोही पुढे समुद्रावरच जगला. तेव्हा सर्व मुले सारखेच बोलतील असे नाही, आणि बापांची पुस्तके खोटी आहेत असा निष्कर्ष काढण्याची घाईही नको. अभ्यासकाला सांगता येते ते एवढेच, की प्रवासवर्णन एकाच्या सहीने निघते आणि होडीत माणसे अनेक असतात. त्यामुळे असे पुस्तक शिकवताना त्याच्या शेजारी त्या होडीतल्या दुसऱ्या कोणाचे तरी पत्र, रोजनिशी किंवा उशिराची आठवण ठेवावी. ती नसेल, तर ती का नाही हे विचारावे.

स्लोकम १९०९ च्या नोव्हेंबरात पुन्हा एकटाच स्प्रेवरून दक्षिणेकडे निघाला आणि परत आला नाही. कायद्याने त्याचा मृत्यू मान्य व्हायला १९२४ साल उजाडले. हेटी मार्थाज व्हिनयार्ड बेटावर, जमिनीवरच्या घरात राहत होती.